अलीकडची वाळू

३ फेब्रुवारी

ताई,

तुझा पत्ता तुझ्या नणंदेने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या दारात सकाळपासून ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे दुपारी तिने वहीचं पान फाडून लिहून दिलं. तू हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरी धुतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. फोन तू उचलणार नाहीस. पत्र निदान हातात तरी घेशील. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

आधी आईचं सांगते. तिला आता माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. दिवसभर उंबऱ्यात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तूच समजते. परवा पोस्टमनला म्हणाली, ताई, उन्हाची आलीस, जेवून जा. तो बिचारा चपला काढून खरंच आत आला. मी हसले. मग न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं आठवडाभर चाललंय. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. अलीकडची वाळू भरली, ताई. त्या चौकोनवाल्या बाई आठवतात ना, मत्स्य खात्याच्या, तारेचा चौकोन वाळूवर टाकून आतल्या शिंपल्या मोजणाऱ्या? दोन वर्षांपूर्वी शिंपल्या काढायला वाळू बंद केली तेव्हा त्यांच्या चौकोनात नऊ निघाल्या होत्या, त्याही नखाएवढ्या. गेल्या सोमवारी एकशे चौसष्ट निघाल्या. बाईंनी तीनदा मोजल्या. मग चिखलात बसकण मारली आणि म्हणाल्या, दोन वर्षांत एवढं मी कुठेच पाहिलं नाही.

सगळ्या बायका मला म्हणतात, तुझ्यामुळे झालं. तू ओरडलीस, तू उन्हातान्हात राखण केलीस, म्हणून झालं. एकीने माझ्या पाठीवर हात फिरवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

तू जाताना म्हणालीस, तुझी वाळू तुला लखलाभ. तसंच झालं ग.

वीस मार्चला बैठक आहे. वाळू उघडायची का, आणि उघडली तर कशी, ते ठरायचंय. मताला घरामागे एक हात. तुझ्या घराचा हात अजून तुझ्याच नावावर आहे. वाळू बंद करताना तू माझ्या शब्दाखातर हात वर केला होतास. आता तुझ्या मनाला येईल तसा कर, पण ये. आईसाठी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

पहिलं पत्र पोचलं असणार. परत आलं नाही, म्हणजे पोचलं. एवढ्यावर मी दुसरं लिहिते आहे.

इथे एक पंपवाला यायला लागलाय. वाळू भरल्याचा वास त्याला कुठून लागला कोण जाणे. परवा शिंपल्या निवडायच्या शेडमध्ये त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि यंत्राची चित्रं दाखवली. होडीवर पंप, पंपाला जाडजूड नळी. नळी वाळूत खुपसली की शिंपल्या आपोआप वर येतात. कुणी वाकायचं नाही, कुणी चिखलात उतरायचं नाही. बायकांनी फक्त शेडमध्ये बसून निवडायच्या. ज्यांच्या कमरा गेल्यात, त्या तर चित्रावरून हात फिरवत होत्या.

चौकोनवाल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "दाताळ्याने तुम्ही मोठ्या शिंपल्या काढता, बारीक मागे राहतात. पंपाला डोळे नाहीत. तो मोठ्या घेतो, बारीक घेतो, ज्या वाळूत बी रुजतं ती वाळूही घेतो. दोन हंगाम शेड भरेल. नंतर इथे नुसतं पाणी उरेल."

पंपवाला चिडला नाही. तसा गोड माणूस आहे. माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुमच्याच घरातलं उदाहरण आहे, रागावू नका. ही वाळू बंद होती म्हणून ना ती पोरगी पलीकडच्या वाळूवर गेली? पंप असता तर ती आज असती."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. टोपली उचलली आणि घरी आले.

खरं सांगू का, मला ते पटलं. त्याचा पंप नाही पटला, पण ते वाक्य पटलं. ते माझ्या तोंडून यायला हवं होतं आणि पंपवाल्याच्या तोंडून आलं.

ताई, एक गोष्ट लिहायची आहे. त्या सकाळी तुझ्या टिटवीने स्वतःची वेणी कापली, म्हणून तू तिला मारलंस. नंतर तू भेटेल त्याला सांगत राहिलीस की मी मारलं म्हणून ती तिरीमिरीत एकटी पलीकडे गेली. दारात बसून स्वतःचा हात स्वतःच दाराच्या चौकटीवर आपटत होतीस. मी तुझा हात धरला होता, आठवतं? मी म्हटलं होतं, असं नको बोलूस.

तसं नव्हतं, ताई. ती तिरीमिरीत गेली नव्हती. मला कसं ठाऊक, ते आज लिहवत नाही.

आई बरी आहे. सायंकाळी तुझ्यासाठी वेगळं ताट काढायला लावते. मी काढते.

तुझी धाकटी


८ मार्च

ताई,

आज लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

काल बैठक चालवणाऱ्या मोठ्या काकूंची नात पलीकडच्या वाळूवर अडकली. बारा वर्षांची आहे. तुला माहीत आहे तिथलं पाणी कसं आहे. समोरून भरती येताना दिसते, आपण म्हणतो अजून लांब आहे, आणि तोवर मागच्या घळीत पाणी शिरलेलं असतं. त्यात आता पलीकडे जवळपास काही उरलेलं नाही. दोन वर्षं सगळं गाव तिथेच खणतंय. एक टोपली भरायला बायका पार कडेपर्यंत जातात. पोरगी मागे राहिली आणि घळीच्या चिखलात मांडीपर्यंत रुतली. मी राखणीच्या बाकावरून बघितलं आणि धावले. आम्ही चौघींनी तिला ओढून काढलं. पाणी माझ्या छातीला लागत होतं. तिची एक चप्पल गेली, बाकी काही झालं नाही.

काकूंनी तिला छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले. ताई, त्यांनी मला हात जोडले.

आता ऐक. टिटवी त्या दिवशी घरातून निघाली ती थेट पलीकडे गेली नाही. आधी माझ्याकडे आली. अलीकडच्या वाळूवर. मी राखणीला होते. तिने मूठभर शिंपल्या खणून काढल्याही होत्या. मला म्हणाली, मावशी, अर्धीच टोपली घेते. मी नाही म्हटलं. बांधावर सात-आठ बायका उभ्या होत्या. त्याच्या चारच दिवस आधी मी काकूंच्या सुनेची भरलेली टोपली तिच्या देखत वाळूवर उपडी केली होती, आणि गावभर चर्चा होती की परक्यांना एक न्याय आणि घरच्यांना दुसरा. बांधावरच्या बायका तेच बघायला उभ्या होत्या. मी तिला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, हवं असेल तर पलीकडे जा.

मी पाठवलं तिला. तुझ्या हाताने ती गेली नाही, माझ्या जिभेने गेली.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. वाऱ्याचा आवाज होता, बांधावरच्या बायकांना कदाचित शब्द कळले नसतील. निदान कुणी कधी विचारलं नाही. तू चौकटीवर हात आपटत होतीस तेव्हा मी सांगायला हवं होतं. तुझा हात सुजला होता. मी त्यावर हळद लावली आणि गप्प बसले. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगीन. दुसऱ्या दिवशी वाटलं, ती आताच कोलमडलीय, कशाला अजून. मग तू निघून गेलीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

माफ कर असं लिहीत नाही. तसं लिहायला तोंड नाही.


१० मार्च

ताई,

परवाचं पत्र टाकून आले आणि लक्षात आलं, त्यातही मी एक गोष्ट वगळली.

टिटवीने मला विचारलं होतं, मावशी, पाणी फिरायला वेळ आहे ना? मी म्हटलं, आहे, अजून वेळ आहे.

मी पाण्याकडे बघितलं नव्हतं. माझी नजर बांधावर होती. मी तेवीस वर्षं या पाण्यात उतरते आहे, मान वळवली असती तर एका नजरेत कळलं असतं. मी मान वळवली नाही. कुणी काही म्हणतंय का, ते बघत होते.

आता सगळं लिहून झालं.


२२ मार्च

ताई,

बैठक झाली. तू आली नाहीस. येशील असं मला वाटलंही नव्हतं, तरी शेडच्या दाराशी कुणी आलं की मी बघत होते.

चौकोनवाल्या बाईंनी आकडे सांगितले. पंपवाल्याने पुन्हा चित्रं लावली. मग काकू म्हणाल्या, आता राखणदारीण बोलेल, तिचा पहिला मान. मी उठले. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं, वाळू कशी वाचवायची वगैरे. त्यातलं काहीच आठवेना. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, जसंच्या तसं. टिटवी माझ्याकडे आली होती, मी तिला पलीकडे पाठवलं, पाण्याकडे बघितलं नाही, आणि वर्षभर तिच्या आईला तिच्या हाताचा दोष घेऊ दिला.

बाहेर कुत्रं खाजवत होतं, त्याच्या पायाचा पत्र्यावर आवाज येत होता.

मग काकू म्हणाल्या, "मी होते त्या दिवशी बांधावर."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तुला नाही माहीत. मला ऐकू आलं होतं. पलीकडे जा म्हणालीस ते. मला बरं वाटलं. वाटलं, चला, आमच्या सुनेला जसं वागवलंस तसं भाचीलाही वागवलंस. पाणी मीही बघितलं नाही. तुझ्याकडेच बघत होते."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. शेजारची बाई उठून बाहेर गेली. तीही त्या दिवशी बांधावर होती.

पंपवाल्याला वाटलं आता आपली वेळ आली. म्हणाला, बघा, मी तेच सांगत होतो. काकू त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरीचं नाव काढून यंत्र विकू नकोस. चित्रं गुंडाळ आणि जा." तो गेला. तरी मतांच्या वेळी पंपासाठी अकरा हात वर झाले, ताई. एकवीस विरुद्ध अकरा. ज्यांच्या कमरा गेल्यात त्यांना मी काय तोंडाने दोष देऊ?

ठरलं ते असं. अलीकडच्या वाळूचे खुंट ठोकून दोन भाग करायचे. एक भाग या वर्षी उघडा, दुसरा बंद, पुढच्या वर्षी उलट. आठवड्यातून तीनच दिवस, फक्त दाताळं, आणि लोखंडी कड्यातून आरपार जाणारी शिंपली जागच्या जागी परत. जवळ काहीतरी उघडं राहिलं म्हणजे लांब जायची पाळी येणार नाही. पलीकडच्या वाळूवर अठराच्या आतल्या कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि दर ओहोटीला एका बाईने घंटा घेऊन बसायचं. तिने शिंपल्या काढायच्या नाहीत, भांडणं सोडवायची नाहीत, फक्त पाण्याकडे बघायचं.

हे दोन वर्षांपूर्वीही ठरवता आलं असतं. चौकोनवाल्या बाईंनी तेव्हाही विचारलं होतं, सगळी एकदम बंद करायची की अर्धी अर्धी? मीच म्हटलं होतं, अर्धी बंद म्हणजे कुणी पाळणार नाही, सगळी बंद करा. तुला आठवत असेल. मी फार जोरात बोलले होते.

माझ्याकडची राखण काढून घेतली. आता काकूंची सून राखणीला बसेल, जिची टोपली मी उपडी केली होती ती. तिने राखणीची शिट्टी माझ्या हातातून घेतली आणि गळ्यात अडकवली. मी म्हटलं, घंटेचं काम तरी मला द्या. काकू म्हणाल्या, "तुला नाही." बरोबर आहे त्यांचं.

घरी येऊन आईलाही सांगितलं. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून बोटं फिरवली आणि म्हणाली, "ताई, तुझी चूक नाही ग बाळा. तू आई आहेस तिची. आई मारते. त्याने काही होत नाही."

मी तिला सांगितलं नाही की मी ताई नव्हे. पण ते बोलणं माझं नाही. तुझं आहे, म्हणून इकडे पाठवते आहे. घे.


६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते आधी आईच्या हातात दिलं. तिने वास घेतला आणि म्हणाली, साबणाचा आहे.

तू लिहिलंस, माफीचं विचारू नकोस. विचारत नाही. तू लिहिलंस, आईला बघायला येईन तेव्हा येईन, तुझ्यासाठी येणार नाही. ठीक आहे. आणि पुढे लिहिलंस, तू तिला माझ्यानंतर बघितलंस, ती काय म्हणाली ते सगळं सांग, एक शब्द गाळू नकोस, स्वतःला वाचवायला नको आणि मला वाचवायलाही नको.

सांगते.

ती बांधावरून उतरून आली तेव्हा दहा वाजून गेले होते. निळा फ्रॉक, वर तुझा जुना करड्या रंगाचा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. अनवाणी. टोपली डोक्यावर उपडी घातलेली. माझ्यासमोर येऊन तिने टोपली काढली आणि म्हणाली, "मावशी, हसायचं नाही हं." केस मानेपर्यंतच होते, एका बाजूला जास्त कापलेले. मी हसले. म्हटलं, कातरलेल्या मेंढीसारखी दिसतेस. ती म्हणाली, "आता केस सुकायला दोन मिनिटं लागतात. आईला काय कळतं."

गाल लाल होता. मी विचारलं, लागलं का? म्हणाली, "सणसणीत दिली. पण आईचं ठरलेलं असतं. आधी मारते, मग स्वतःच रडते, मग जेवायला हाका मारते. आता रडण्यापर्यंत आली असेल. मी शिंपल्या घेऊन जाते, म्हणजे डायरेक्ट जेवणावर येईल."

ती रागात नव्हती, ताई. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिला भूक लागली होती आणि ती मजेत होती.

मग ती गुडघ्यांवर बसून खणायला लागली. मूठभर काढल्या, मला दाखवल्या. "बघ केवढाल्या झाल्यात. तुझी वाळू खरंच चालते, मावशी. अर्धीच टोपली घेते." मी नाही म्हटलं. तिने बांधाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. लगेच कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "बरं, बरं. तुला बोलणी बसतील." तिने शिंपल्या परत खड्ड्यात ठेवल्या, वर वाळू ओढली आणि तळहाताने थोपटून सारखी केली. दुसऱ्यांदा मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या, असं मी स्वतःला सांगत असते. खरं काय ते मला माहीत नाही.

मी मोठ्याने म्हटलं, हवं असेल तर पलीकडे जा. ती उठली, गुडघे झटकले. वेळ आहे ना विचारलं. मी म्हटलं, आहे, अजून वेळ आहे.

ती म्हणाली, "आई विचारायला आली तर सांग, जेवायच्या आत येते." तू विचारायला आली नाहीस. म्हणून हा निरोप राहिला. आज देते आहे.

मग ती निघाली. थोडं अंतर उलटी चालत गेली, माझ्याकडे तोंड करून, हातवारे करत काहीतरी सांगत होती, बहुतेक शाळेतल्या कुठल्याशा मुलीचं. शब्द तुटक येत होते. "मग ती म्हणते कशी," एवढं आलं. मग ती वळली आणि पळायला लागली. टोपली पुन्हा डोक्यावर. खूप लांब गेल्यावर थांबली, मागे वळली, दोन्ही हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडली. लांब वाक्य होतं. वारा उलटा होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी ऐकू आल्यासारखा हात वर केला. तिनेही केला.

एवढंच आहे. याच्या पुढचं माझ्याकडे काही नाही.